उंचीच्या मापाचे कपडे

ऑक्टोबर म्हटला की मुंबई-पुण्याच्या माणसाला घाम आठवतो. पाऊस परतलेला, थंडीचा अजून पत्ता नाही, आणि मधल्या त्या दिवसांना आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून मोकळे होतो. एका महिन्याचं एक हवामान, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि पूर्व कॅलिफोर्नियाच्या कोरड्या टापूत, हा हिशोब पहिल्या दोन दिवसांतच कोलमडतो. पहाटे शून्याखाली कुडकुडलेला माणूस त्याच दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सावली शोधत असतो, आणि या दोन जागांमधलं अंतर मोटारीने जेमतेम दोन तासांचं असतं.

लास वेगासला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटल रीफ, ग्रँड कॅनियन अशी राष्ट्रीय उद्यानं करत, जमलं तर डेथ व्हॅलीला वळसा घालून परत वेगास गाठायचं, हा अमेरिकेतल्या मराठी घरांचा आवडता बेत आहे. शरद ऋतूत तर विशेष. उन्हाळ्याची झुंबड ओसरलेली असते, घाटरस्ते अजून बर्फाने अडलेले नसतात, आणि नदीकाठची झाडं पिवळी पडू लागलेली असतात. भारतातून कुणी ना कुणी आलेलंही असतं. आमच्या गाडीत साताऱ्याहून आलेली माझी मावशी होती. तिच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि ‘अमेरिकेत थंडी फार’ या एका वाक्याच्या आधाराने घेतलेले दोन जाडजूड स्वेटर. बाकी बहुतेक सुती.

कपड्यांची यादी करताना बहुतेक जण तारीख आणि राज्य बघतात. ऑक्टोबर, युटा, झालं. बघायला हवी ती उंची. वेगास समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. झायनच्या दरीचा तळ १,२०० मीटरच्या आसपास, ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ २,१००, ब्राइसचा कडा २,४०० आणि त्याहून वर. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेत भूगोलात पाठ केलेलं असतं, पण बॅग भरताना ते कुणाला आठवत नाही. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. ब्राइसला गाडी लावून दार उघडलं तेव्हा आम्ही त्याहून साडेसातशे-आठशे मीटर उंच उभे होतो. हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, “अरे, एवढं चढवून आणलंस आणि म्हणतोस हे पार्किंग?”

म्हणून निघण्याआधी कागदावर मुक्कामांची नावं लिहावीत आणि प्रत्येकापुढे उंची मांडावी. कपड्यांची यादी मग आपोआप तयार होते.

सुरुवात झायनपासून. इथे ऑक्टोबरात दुपारचा पारा सरासरी २५-२६ अंशांवर असतो आणि रात्री दहाच्या घरात उतरतो, म्हणजे नाशिकच्या डिसेंबरसारखं काहीसं. त्यामुळे झायन म्हणजे सोपं प्रकरण असं वाटतं, आणि एरवी ते असतंही. पण झायनला आलेला माणूस ‘नॅरोज’ सोडत नाही. व्हर्जिन नदीने कोरलेली ही घळ काही ठिकाणी जेमतेम वीस-तीस फूट रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती हजार फूट उंच. पायवाट अशी नाहीच, नदीचं पात्र हीच वाट. तळाशी ऊन क्वचित पोचतं आणि शरदात पाणी दहा-बारा अंशांचं, कधी त्याहूनही गार असतं. वर आकाशाची निळी पट्टी तापलेली आणि खाली गुडघाभर पाण्यात पोटऱ्या बधिर झालेल्या.

याची सोय उद्यानाच्या वेशीवरच्या स्प्रिंगडेल गावात आहे. तिथल्या दुकानांत संध्याकाळी काउंटरवर रांग असते. बुटाचं माप विचारतात आणि पुढ्यात तीन वस्तू ठेवतात: निओप्रीनचे जाड पायमोजे, घोट्यापर्यंत येणारे पाण्यातले बूट आणि खांद्याएवढी लाकडी काठी. हवा अधिक गार असेल तर पाणी आत न येऊ देणारी विजार किंवा अख्खा पोशाखही भाड्याने मिळतो. निओप्रीनची गंमत अशी की ते पाणी अडवत नाही. पाणी आत शिरतं, पण तिथेच अडकतं. त्वचेलगतचा तो पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो, आणि रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ही ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. पाय ओले राहतात पण गारठत नाहीत. हे सगळं भारतातून किंवा न्यू जर्सीहून वाहून आणायची गरज नाही. आणायची ती फक्त झटकन वाळणारी पँट. जीन्स घालून नदीत उतरलेला एखादा तरुण रोज दिसतोच; परतताना त्याची चाल लांबूनही ओळखू येते.

झायनहून ब्राइसला जाताना रस्ता १९३० साली पुरा झालेल्या एका लांब बोगद्यातून बाहेर पडतो आणि चढतच राहतो. तांबडे कडे मागे पडतात, पाइनची झाडं सुरू होतात, गाडीतला तापमानाचा आकडा उतरत जातो. दोन तासांत ऋतू बदलतो.

ब्राइसचं आकर्षण म्हणजे ‘हूडू’, मातकट केशरी दगडाचे शेकडो सुळके. ते घडले थंडीमुळे. वर्षातले १७० ते २०० दिवस इथला पारा शून्याच्या दोन्ही बाजूंना फिरून येतो. दिवसा बर्फ वितळून पाणी खडकाच्या भेगांत उतरतं, रात्री गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि भेग थोडी आणखी रुंदावते. असं लाखो वेळा. म्हणजे ज्या गारठ्यापायी प्रवासी हातमोजे शोधत असतात, तो नसता तर इथे यायचं कारणच उरलं नसतं. ऑक्टोबरच्या पहाटे कड्यावर पारा सर्रास शून्याखाली असतो, आणि सूर्योदय बघायला तर सगळेच तिथे जमतात.

त्या पहाटे कठड्याशी उभ्या राहिलेल्या माणसांचे कपडे बघण्यासारखे होते. मोटेलमधली चादर पांघरून आलेलं एक जोडपं. हाफ पँटवर भलामोठा पिसांचा कोट घातलेला एक दांडगा अमेरिकी. आणि मावशी: आत लोकरी बनियन, त्यावर सलवार-कमीज, त्यावर स्वेटर, सर्वांत वर माझा विंडचीटर, आणि डोक्याला माकडटोपी. मराठी माणसाच्या माकडटोपीची जगभर चेष्टा होते, पण कान, मान आणि हनुवटी एकाच वस्तूत झाकणारी दुसरी इतकी स्वस्त सोय मला तरी माहीत नाही. ट्रेकिंगच्या दुकानांत मानेभोवती घालायच्या नळकांड्या आणि वेगळ्या कानटोप्या मिळतात, त्यांची किंमत बघून मावशीने स्वतःच्या टोपीकडे नव्या आदराने पाहिलं.

सूर्य वर आला की क्वीन्स गार्डनच्या वाटेने सुळक्यांच्या जंगलात उतरायचं. अर्ध्या तासात विंडचीटर कमरेला, तासाभरात स्वेटर पिशवीत. एक जाड कोट इथे कुचकामी ठरतो: घातला तर उकडतं, काढला तर गारठा. पातळ पातळ तीन थर हवेत. आतला घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. या तिघांत सर्वांत जास्त वापर वरच्याचा होतो, हे निघण्यापूर्वी कुणी सांगितलं तर पटत नाही. ऑक्टोबरात या टापूत पाऊस फारसा नसतो, पण कड्यांवरचा वारा सतत असतो. आपला साधा पावसाळी विंडचीटर, घडी करून मुठीत मावणारा, इथे महागड्या कोटाची बरोबरी करतो.

मधल्या थराचा राजा म्हणजे फ्लीस. मऊ, हलकं, भिजलं तरी पटकन वाळणारं हे पॉलिस्टरचं कापड प्रसिद्ध केलं मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्स या गिरणीने. १९९५ च्या डिसेंबरात ती गिरणी आगीत भस्मसात झाली. विम्याचे पैसे घेऊन मालक आरन फॉयरस्टीन निवृत्त होऊ शकला असता. त्याने गिरणी तिथेच पुन्हा बांधायला घेतली आणि काम बंद असतानाही काही महिने कामगारांना पगार दिला. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली ही गोष्ट वेगळी. गिरणगावाच्या आठवणी असलेल्या माणसाला फ्लीसच्या बाहीवरून हात फिरवताना ही हकीकत ठाऊक असलेली बरी.

आता सुती कपड्यांचं. अमेरिकी ट्रेकर मंडळींत ‘कॉटन किल्स’ असं एक धमकीवजा वचन आहे आणि ते उठसूट ऐकवलं जातं. त्यात तथ्य आहे. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या सुती कापडात धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, ऊब धरणारी हवाच उरत नाही, आणि ते पाणी सुकताना अंगातली उष्णता ओढून घेतं. पॉलिस्टरचा धागा जवळजवळ पाणी पीतच नाही. लोकरीचा तर सुतापेक्षाही जास्त ओलावा पितो, पण तो धाग्याच्या आत मुरवून घेतो आणि स्पर्शाला बराच वेळ कोरडा लागतो. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभ्या असलेल्या आपल्या धनगराला हे सांगायला कुणी दुकानदार लागला नव्हता. ब्राइसच्या पहाटे आणि नॅरोजच्या पाण्यात म्हणूनच सुताला मनाई. पण हे वचन सरसकट लावलं की फसतं, ते कसं ते ग्रँड कॅनियनला कळतं.

त्याआधी १२ नंबरचा महामार्ग. ब्राइसकडून कॅपिटल रीफकडे जाणारा हा रस्ता एस्कलांटी आणि बोल्डर या गावांच्या मधे एका अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना कडा. पुढे बोल्डर माउंटनवर तो २,९०० मीटरच्या वर चढतो. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथले ॲस्पेन सोन्यासारखे पिवळे होतात. फोटोसाठी गाडी थांबवून टी-शर्टवर धावत सुटलेली माणसं तितक्याच वेगाने परत गाडीत शिरताना दिसतात.

या रस्त्याचा बराचसा भाग डिक्सी नॅशनल फॉरेस्टमधून जातो, आणि इथे कपड्यांचा एक वेगळाच मुद्दा येतो. राष्ट्रीय उद्यानांत शिकारीला बंदी आहे, पण भोवतीच्या राष्ट्रीय वनांत ती कायदेशीर आहे, आणि ऑक्टोबर हा युटात हरणांच्या शिकारीचा महिना. शिकारी स्वतः भडक केशरी जाकिटं घालतात, कायदाच आहे तसा, आणि वनात पायी फिरणाऱ्यांनीही तसा रंग अंगावर ठेवावा असं सुचवलं जातं. ताडोब्याची सफारी केलेल्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटतं. तिथे आपण खाकी, हिरवट, मातकट घालतो, प्राण्याच्या नजरेत येऊ नये म्हणून. इथे माणसाच्या नजरेत यावं म्हणून केशरी. टोपी तपकिरी घ्यावी की नारिंगी, असा प्रश्न दुकानात पडला तर नारिंगी घ्यावी.

कॅपिटल रीफबद्दल कपड्यांपुरतं सांगायचं तर खिसे मोठे हवेत. उद्यानाच्या मध्यभागी फ्रूटा नावाची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे राहायला आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी लावलेल्या बागांचा वारसा उद्यान खाते आजही सांभाळतं. सफरचंदांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात. बाग खुली असेल तर शिडी आणि झेला तिथेच ठेवलेला असतो. बागेत बसून खाल्लेल्या फळाला पैसे नाहीत, घरी न्यायचं ते वजन करून, पैसे ठेवून न्यायचं. मावशीने स्वेटरच्या दोन्ही खिशांतली फळं प्रामाणिकपणे तोलून दाखवली.

ग्रँड कॅनियन हा उलटा डोंगर आहे. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरचं सगळं गणित आधी चढ, माथ्यावर वारा, मग उतार, असं बसलेलं असतं. इथे सकाळी गारठ्यात उतरायला सुरुवात होते, खाली जाल तसं तापत जातं, आणि खरी चढाई शेवटी, पाय थकल्यावर, ऊन कलताना. दक्षिण काठावर ऑक्टोबरातलं सरासरी कमाल तापमान १८ अंश आणि किमान २. दरीच्या तळाशी, कोलोरॅडो नदीजवळ, तेच २९ आणि १४. ब्राइट एंजल वाटेने काठावरून नदीपर्यंतचा उतार १,३०० मीटरहून जास्त आहे. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत वर येऊ नका, असं उद्यानाचे फलक बजावतात. पण दीड-दोन तास खाली उतरून परतणाऱ्यालाही हवेतला फरक अंगावर जाणवतो.

आणि इथे सुती शर्टाला मान मिळतो. वाटेवर पाण्याचा नळ आला की शर्ट आणि टोपी सरळ ओली करा, असा सल्ला खुद्द रेंजर मंडळी उन्हाळी दिवसांत देतात. जो दोष म्हणून सांगितला जातो, पाणी धरून ठेवणं आणि सुकताना अंगाची उष्णता ओढणं, तोच कोरड्या उन्हात कामी येतो. अट एकच: वर चढून सावलीत शिरण्याआधी तो सुकलेला हवा, किंवा पिशवीत दुसरा कोरडा शर्ट हवा. मला विचाराल तर त्या पिशवीत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दुसरा कोरडा शर्टच.

कपडे किती न्यायचे, याचं उत्तर इथली कोरडी हवा देते. रात्री मोटेलच्या बेसिनमध्ये धुऊन टांगलेला पातळ लोकरी किंवा पॉलिस्टरचा शर्ट सकाळी खडखडीत वाळलेला असतो. कोकणात पावसाळ्यात चार-चार दिवस दांडीवर दमट राहिलेले कपडे आठवले की हे सुख कळतं. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर मेदर कॅम्पग्राउंडपाशी धुलाई यंत्रंही आहेत. त्यामुळे दिवसागणिक एक जोड हा हिशोब सोडून द्यावा. पायमोजे मात्र भरपूर.

दिवाळी बहुधा याच वाटेवर कुठेतरी गाठते. मग कुणीतरी सिल्कचा कुर्ता आणि काठपदराची साडी बॅगेत घालतंच, आणि घालावीच. मोटेलच्या खोलीत निरांजन लावण्याचा मोह मात्र टाळावा, छतावरची धुराची घंटा भक्तिभाव बघत नाही. सेलवरच्या पणत्या, पत्र्याच्या डब्यातल्या चकल्या आणि टेबलावर लक्ष्मीचा फोटो एवढ्यावर आमचं लक्ष्मीपूजन पार पडलं. साडीवर फ्लीसचं जाकीट घालून मावशी शेजारच्या खोलीत फराळ द्यायला गेली, आणि तिथल्या जर्मन कुटुंबाने चकलीचा तुकडा मोडून आतल्या नळीतून एकमेकांकडे पाहिलं.

गाडीच्या प्रवासाची खरी चैन म्हणजे डिकी. विमानप्रवासात माणशी एक बॅग हे बरोबर, पण डिकीत ते जाचतं. प्रत्येक थांब्यावर कुणाचा स्वेटर कुणाच्या बॅगेत तळाशी आहे याचा शोध चालतो, मागे गाड्या खोळंबतात. त्यापेक्षा वेगास सोडतानाच कपडे कामाप्रमाणे वाटून घ्यावेत. सगळ्यांच्या टोप्या, हातमोजे, विंडचीटर एका उघड्या पिशवीत, मागच्या सीटवर, हाताशी. ओल्याचं एका रबरी पिशवीत. रात्रीचे आणि मुक्कामाचे वेगळे. मोठ्या सूटकेस सगळ्यांच्या खाली, चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. व्ह्यूपॉइंटवर माणूस दहा मिनिटांसाठी उतरतो, त्या दहा मिनिटांसाठी कुणी सूटकेस उघडत नाही, तसाच कुडकुडत उभा राहतो.

डेथ व्हॅलीत उंचीचा हा खेळ टोकाला जातो. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, आजही तो जागतिक उच्चांक मानला जातो. ऑक्टोबरातही दुपारची सरासरी ३४ अंशांच्या आसपास असते. पण त्याच उद्यानातलं टेलिस्कोप पीक ३,३६८ मीटर उंच आहे. आणि बॅडवॉटरच्या अगदी डोक्यावर, १,६६९ मीटरवर, दान्तेज व्ह्यू. वर उभं राहिलं की खाली मिठाचं पांढरं पात्र पसरलेलं दिसतं आणि त्यावर चालणारी माणसं मुंग्यांहून बारीक. साडेसहा अंशांच्या हिशोबाने दोन्हींत अकरा-बारा अंशांचा फरक पडतो. पहाटे वर वाऱ्यात ब्राइसचे सगळे थर पुन्हा चढले. तिथून वळसा घेत तासाभरात खाली आलो तर बॅडवॉटरला स्वेटर हातात धरवेना.

इतके दिवस बॅगेच्या तळाशी पडलेले मावशीचे ढगळ, पूर्ण बाह्यांचे सुती पंजाबी ड्रेस इथे कामी आले. ऊन लागत नाही, वारा खेळतो, ओढणी डोक्यावर घेता येते. तोकड्या कपड्यांत लालबुंद झालेल्या पर्यटकांमध्ये तीच काय ती आरामात चालत होती. मिठावरून फिरून आल्यावर बूट मात्र तिथल्या तिथे झटकून पुसावेत. ओलसर जागी तळव्याला चिकटलेला पांढरा चिखल वाळला की डिकीभर पसरतो आणि धुतलेल्या कपड्यांतही शिरतो.

स्वेटर एवढ्यात सूटकेसमध्ये टाकू नयेत. संध्याकाळी वेगासला पोचलो तेव्हा बाहेर लोक हाफ पँटमध्ये फिरत होते, आणि हॉटेलच्या दालनात एसी असा सोडलेला होता की खोलीची चावी मिळेपर्यंत मावशीने दोन्ही स्वेटर एकावर एक चढवले.